टॉवर कुठं उभा राहणार हे गावानं ठरवायचं की दिल्लीनं?

१ जानेवारी २०२५ पासून देशात मोबाईल टॉवर, खांब आणि केबल यांच्या जागेचे नवे नियम लागू झाले. ‘राइट ऑफ वे’चे नियम म्हणतात त्यांना. आपल्या जिल्ह्यात त्यावर फारशी चर्चा झाली नाही. त्या दिवसांत बीड वेगळ्याच कारणानं देशाच्या बातम्यांत होतं, त्यामुळं ते साहजिकही होतं. (पवनचक्क्यांचा विषय इथं काढत नाही. तो वेगळा आहे आणि जड आहे.) पण टॉवर आपल्या अकराच्या अकरा तालुक्यांत आहेत, अजून येणार आहेत, आणि कुणाच्या ना कुणाच्या घराला लागून येणार आहेत. म्हणून हा इतिहास एकदा सलग लिहून काढतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधीच सांगतो, मी टॉवरच्या विरोधात नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आजही अशा वाड्या-तांडे आहेत जिथं रेंजसाठी माणूस टेकडीवर जातो. रेशनच्या दुकानात अंगठा लागतो तो रेंजवर. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर. रोजगार हमीची हजेरी २०२३ पासून मोबाईलवर, फोटोसकट. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्या की मागं राहिलेली लेकरं आणि म्हातारी माणसं यांचा आई-बापाशी संबंध उरतो तो फोनपुरता. ज्या गावात टॉवर नाही ते गाव सरकारच्या लेखी अर्धं गैरहजर असतं. टॉवर पाहिजेच. तो कुठं उभा करायचा, कुणाला विचारून आणि त्याचा पैसा कुणाला, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं पहिलं कायदेशीर उत्तर १८८५ सालचं आहे. इंडियन टेलिग्राफ ॲक्ट. १८५७ च्या उठावात तारायंत्राचा उपयोग इंग्रजांनी अनुभवला होता, त्यामुळं तार ही सरकारची आणि फक्त सरकारची, हे त्यांनी पक्कं करून टाकलं. कलम १० असं की सरकारला कुणाच्याही जमिनीवरून तार नेता येईल, खांब रोवता येईल. मालकाची परवानगी लागणार नाही. जमीन सरकारची होणार नाही, फक्त वापराचा हक्क मिळेल आणि नुकसान झालं तर भरपाई द्यायची. कुणी आडवं आलं तर जिल्हाधिकारी हुकूम काढणार. पण त्याच कलमात एक अपवाद होता. जागा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या ताब्यातली असेल तर तिची परवानगी घ्यायची. म्हणजे साध्या शेतकऱ्याला विचारायचं नाही, पण स्थानिक संस्थेला विचारायचं, अशी ही इंग्रजांची रीत. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. रेडिओसुद्धा निजामाचा वेगळा होता, हैदराबादला केंद्र आणि दुसरं आपल्या औरंगाबादला. सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५० मध्ये ही केंद्रं आकाशवाणीनं घेतली. भारताचे तार आणि बिनतारी संदेशांचे कायदेही विलीनीकरणानंतर आपल्याकडं लागू झाले. त्यातला १९३३ चा बिनतारी कायदा असा होता की परवान्याशिवाय रेडिओ जवळ बाळगणं हाच गुन्हा. गावातल्या जुन्या माणसांना पोस्टात भरायची ती रेडिओची फी अजून आठवते. घरोघरी रेडिओच्या लायसनचं ते पिवळं पडलेलं पुस्तक सापडेल. ऐंशीच्या दशकात ही भानगड संपली. सांगायचा मुद्दा हा की या देशात हवेतल्या लहरींवर सुरुवातीपासून दिल्लीचा मालकी हक्क आहे. राज्यघटनेतही टेलिफोन, बिनतारी, प्रसारण हे सगळं केंद्र सूचीत, नोंद ३१. जमीन मात्र राज्य सूचीत. आणि जमीन-इमारतींवरचा करसुद्धा राज्य सूचीत, नोंद ४९.

आता टॉवर बघा. खालचा चौथरा जमिनीवर आणि वरचं काम हवेत. खालचं राज्याचं, वरचं केंद्राचं. सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे.

सरकारी मनोऱ्यांच्या काळात हे भांडण कुणाला दिसलंच नाही. अंबाजोगाईचा दूरदर्शनचा मनोरा घ्या. बालाघाटाच्या पठारावर उभा, म्हणून त्याचं प्रक्षेपण शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत जायचं. त्याच्यासाठी कुणाची ना हरकत घेतली का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मनोरा आपल्या गावात आला याचा अभिमानच होता. नव्वदच्या दशकात खेड्यांत सार्वजनिक फोन पोचवायला एमएआरआर नावाची रेडिओवर चालणारी यंत्रणा आली. ग्रामपंचायतीजवळ किंवा एखाद्या घरावर लांब नळी, वर ॲन्टेना, खाली लाल डबा. देशभर ही यंत्रणा वारंवार बंद पडायची आणि शेवटी ती बदलावी लागली. नळी मात्र बऱ्याच गावांत पुढं कित्येक वर्षं झेंडा लावायच्या कामी आली.

१९९४ ला दूरसंचार धोरण आलं, खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. आपल्याकडं खरी लाट आली २००२-०३ मध्ये. बीएसएनएलचं सेलवन आलं आणि पाठोपाठ रिलायन्सचं पाचशे एक रुपयांत फोन देणारं मान्सून हंगामा. मी त्याच सुमारास पत्रकारितेचा डिप्लोमा करून बातमीदारीला लागलो होतो. बातमी फॅक्सनं पाठवायची तर एसटीडी बूथवर पानामागं पैसे मोजायचे. त्यामुळं टॉवरचं अप्रूप मलाही होतंच.

या लाटेत एक बदल गुपचूप झाला. कंपन्या कलेक्टरकडून जागा मागायला गेल्या नाहीत. त्या थेट जमीनमालकाकडं गेल्या. दहा-पंधरा वर्षांचा भाडेकरार, महिन्याला ठरावीक भाडं. कोरडवाहू शेतीच्या आपल्या जिल्ह्यात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे काय हे सांगायला नको. पाऊस पडो न पडो, टॉवरचं भाडं येणार. ज्याच्या वावरात किंवा माडीवर टॉवर आला त्याचं नशीब उघडलं, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला जनरेटरचा आवाज आला. गावात टॉवरवरून पहिली भांडणं लागली ती या गोष्टीवरून. किरणोत्सर्ग हा शब्द तेव्हा गावात कुणी ऐकलेलाही नव्हता.

याच अप्रुपाचा फायदा भामट्यांनी उचलला. ‘तुमच्या जागेत टॉवर बसवा, लाखो रुपये डिपॉझिट, घरातल्या एकाला नोकरी’ अशा छोट्या जाहिराती वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत राहिल्या. आधी फाइल चार्ज भरा, मग कर भरा, मग फोन बंद. आपण टॉवरसाठी कुणाला ना हरकत देत नाही, कुणाकडून पैसे मागत नाही, असं ट्रायला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं. त्या जाहिराती छापणारे आम्हीच, आणि फसवणुकीची बातमी पहिल्या पानावर छापणारेही आम्हीच. असो.

ग्रामपंचायतीचा हक्क या सगळ्यात कुठं होता? होता. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ५२, गावठाणातल्या बांधकामाची परवानगी. कलम १२४, कर लावण्याचा अधिकार. कंपनीचा माणूस यायचा, सरपंच-ग्रामसेवकाला भेटायचा, ना हरकत प्रमाणपत्र घेऊन जायचा. १९९३ च्या पंचायतराज घटनादुरुस्तीनंतर ग्रामसभेला मान मिळाला असं आपण भाषणात म्हणतो, पण टॉवरचा विषय ग्रामसभेपुढं आला, नकाशा भिंतीवर लावला, शाळेपासून किती अंतर हे कुणी मोजलं, असं मी माझ्या बातमीदारीत क्वचित पाहिलं. ना हरकत हा कागद होता. गावाचा विचार त्यात फारसा नव्हता.

मग आलं २०१० ते २०१२. हा काळ नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण गावाची लढाई चुकीच्या मैदानावर गेली ती इथं. मुंबईत मलबार हिलला सह्याद्री अतिथीगृहावरच्या ॲन्टेनांबद्दल अभिनेत्री जुही चावलानं तक्रार केली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींवर अहवाल दिला. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकल्या. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे एवढाच, पण मथळ्यात ‘कदाचित’ टिकत नाही. सरकारनंही हालचाल केली. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं शाळा, दवाखान्यांवरचे टॉवर हलवायचा आदेश दिला. दोन वर्षांत ‘टॉवर म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण गावोगाव पोचलं. चिमण्या गेल्या त्याही टॉवरनं, हेही पोचलं.

राज्य सरकारनं नियम केले मार्च २०१४ मध्ये. नगरविकास विभागानं टॉवरसाठी विकास नियंत्रण नियमावलीत स्वतंत्र तरतूद आणली. शाळा-रुग्णालयांबाबत बंधनं, इमारतीतल्या रहिवाशांची संमती, इमारतीच्या मजबुतीचा दाखला, असं त्यात होतं. मुंबई महापालिकेनं आधीच्या वर्षी स्वतःचं धोरण आणलं होतंच. पण या नियमांचा सगळा रोख शहरावर. सोसायटी, टॉप फ्लोअर, कमिटी. ज्या गावात नगररचनाकार कधी फिरकला नाही, तिथं हे नियम कुणी बघायचे? नगरपालिकेत निदान बांधकाम विभाग तरी असतो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक असतो, आणि त्याच्याकडं दोन-तीन गावं असतात.

इथं अमेरिकेचं उदाहरण देतो. तिथं १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं हाच तिढा असा सोडवला: टॉवरची जागा, उंची, बांधणी यावर शहराचा किंवा काउंटीचा अधिकार राहील. मात्र लहरी ठरलेल्या मर्यादेत असतील तर आरोग्याचं कारण देऊन टॉवर नाकारता येणार नाही. नाकारायचा असेल तर लेखी आणि पुराव्यासह नाकारा, आणि सगळ्या कंपन्यांना सारखी वागणूक द्या. म्हणजे लहरींचा प्रश्न केंद्राकडं, जागेचा गावाकडं. त्यावरही तिथं खटले चालतातच. पण गावाच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे गावाला माहीत असतं.

आपल्याकडं उलट झालं. गावानं जागेबद्दल बोलायचं सोडलं आणि लहरींबद्दल बोलत राहिलं. ग्रामपंचायतीचे ठराव बघा: ‘किरणोत्सर्गामुळे आरोग्यास धोका असल्याने टॉवरचे काम बंद करावे.’ हा ठराव कोर्टात टिकत नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीनं असाच ठराव करून काम थांबवलं होतं. टॉवर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. लहरींमुळं अपाय होतो याचा शास्त्रीय पुरावा समोर नाही, असं म्हणून कोर्टानं तो ठराव रद्द केला. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडचे सरपंच अजून तोच मजकूर कॉपी करतात.

तोच ठराव असा असता तर? ‘प्रस्तावित जागा शाळेच्या भिंतीला लागून आहे, बाजूला पर्यायी जागा आहे, जनरेटर कुठं ठेवणार ते नकाशात नाही, पायाच्या मजबुतीचा दाखला जोडलेला नाही.’ मग कंपनीला उत्तर द्यावं लागलं असतं. कदाचित ती जिंकलीही असती. पण बोलणं जागेवर झालं असतं, आणि जागेवर बोलायचा गावाला तेव्हा हक्क होता.

तेव्हा होता, असं मी म्हणतो, कारण नंतर तो पातळ होत गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रानं राइट ऑफ वेचे नियम आणले. सार्वजनिक जागेसाठी अर्ज आला की साठ दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत खासगी जागेवरच्या टॉवरला स्थानिक संस्थेची परवानगीच नको असं ठरलं. काम सुरू करण्याआधी लेखी कळवायचं आणि इमारतीच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला द्यायचा, एवढंच. मग डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा. १८८५ चा कायदा बाजूला सारणारा. त्यात खासगी मालकाशी करार करा असं म्हटलंय. पण मालक नाही म्हणाला आणि केंद्राला ते सार्वजनिक हिताचं वाटलं, तर जागेचा हक्क घेता येईल. इंग्रजांच्या कायद्यात हा अधिकार तारखात्याला होता. आता त्याचा फायदा नफा कमावणाऱ्या कंपनीलाही होऊ शकतो.

कराची कथा तर आणखी भारी. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो का? गुजरात उच्च न्यायालय म्हणालं, टॉवर ही इमारत नाही. १६ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की नोंद ४९ साठी टॉवर इमारतच आहे, राज्यं कर लावू शकतात. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये ‘मनोरा’ अशी वेगळी नोंद होते ती याच कराची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळ्या कराचा प्रश्न आला, कंपन्यांना टॉवरवर सेनव्हॅटची वजावट मिळते का. तिथं न्यायालय म्हणालं, टॉवर खोलून दुसरीकडं नेता येतो, तो जंगम माल आहे, वजावट मिळेल. ग्रामपंचायतीनं कर मागितला की तो इमारत, कंपनीनं वजावट मागितली की तो माल. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील, वकील मित्रांनी मला समजावूनही सांगितलंय. पण ग्रामसेवकाला हे समजावून सांगणारं कुणी नाही.

आणि मधल्या काळात नव्या कायद्याचं कलम १४ आलं, जून २०२४ पासून लागू. दूरसंचाराची यंत्रणा ज्या जागेवर आहे त्या मालमत्तेचा भाग धरली जाणार नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. केंद्राच्या या एका ओळीनं राज्य सूचीतला कर कितपत बांधला जातो याचा फैसला न्यायालयातच होईल. तोवर कंपन्या हे कलम दाखवणार आणि ज्या ग्रामपंचायतीकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत ती वसुली सोडून देणार. पाणीपट्टी थकलेल्या ग्रामपंचायतीत टॉवरचा कर हा अनेकदा एकरकमी आणि वेळेवर येणारा एकमेव कर असतो. हे मी तीन-चार ठिकाणचे ताळेबंद पाहून सांगतोय.

आता गायरान. आपल्या जिल्ह्यात या विषयाचं खरं दुखणं इथं आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. रेंज नसलेल्या २ हजार ३८६ गावांत बीएसएनएलच्या फोरजी टॉवरसाठी २०० चौरस मीटर जागा मोफत द्यायची. अशी सरकारी मोकळी जागा गावात म्हणजे मुख्यतः गायरान. केंद्राची ही योजना चांगली आहे, देशभरातल्या साडेचोवीस हजारांवर गावांसाठी आहे. बीएसएनएल सरकारी आहे. माझी तक्रार नाही.

पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांची सुनावणी झाली. राज्यात गायरानावर सुमारे २ लाख २२ हजार बेकायदा बांधकामं आहेत असं सरकारनं सांगितलं. वर्षअखेरपर्यंत ती काढायची म्हणून गावोगाव नोटिसा निघाल्या. मराठवाड्यात गायरान म्हणजे रिकामी जागा नसते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून इथल्या दलित, भटक्या, भूमिहीन माणसांनी ही जमीन कसली. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं आपल्या तेलगावातून हा लढा मराठवाडाभर नेला, मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे. त्याच्या फायली तहसीलमध्ये अजून फिरतायत. तीस-पस्तीस वर्षं एका सातबाऱ्यासाठी माणूस थांबतो आणि त्याच जमिनीतले २०० चौरस मीटर एका बैठकीत सुटतात. टॉवर सार्वजनिक हिताचा आहे, मान्य. भूमिहीनाचं पोट कोणत्या हिताचं, हे शासन निर्णयात कुठं लिहिलंय ते मला सापडलं नाही.

बरं, आज गावाच्या हातात काय उरलंय? थोडं आहे. टॉवर सार्वजनिक जागेत, शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात, गायरानात येणार असेल तर अर्ज येतोच. तो मुदतीत ग्रामसभेपुढं घ्या आणि उत्तर लेखी द्या, जागेवर द्या, लहरींवर नको. मुदत गेली की परवानगी झाली असं धरतात. खासगी जागेत येणार असेल तर मजबुतीच्या दाखल्याची प्रत मागा. लहरींची शंका असेलच तर ठराव करू नका, मोजून घ्या. केंद्राच्या तरंग संचार या पोर्टलवर २०१७ पासून ती सोय आहे, चार हजार रुपये भरले की मोजणी करून देतात. ज्यांनी वावर भाड्यानं दिलंय त्यांनी करारात एकच कलम शोधावं: कंपनी बंद पडली तर टॉवर काढून जमीन पूर्ववत कोण करणार. एअरसेल २०१८ ला बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सनं त्याच्या थोडं आधी मोबाईल सेवा बंद केली. ठिकठिकाणी भाडं थांबलं आणि लोखंड उभं राहिलं. मालकाला ते काढताही येईना आणि त्या तुकड्यात पेरताही येईना.

मी सध्या जमवतोय ती माहिती अशी: तुमच्या गावात पहिला टॉवर कोणत्या साली आला, कुणाच्या जागेत आला (खासगी, शाळा, गायरान), ग्रामसभेत विषय झाला होता का, आणि २०२४ नंतर टॉवरचा कर भरला गेला की थांबला. कर थांबला असेल तर कंपनीनं लेखी काय कारण दिलं, त्या पत्राचा फोटो पाठवा. नाव छापणार नाही. केज, धारूर आणि पाटोद्यातून काही कागद आलेत. आष्टी आणि शिरूर कासारमधून अजून काहीच नाही.